ट्रॅक्टरची पुढची चाके

ट्रॅक्टरची पुढची दोन चाके अगदी समांतर ठेवत नाहीत. पुढून ती एकमेकांकडे किंचित वळवलेली असतात, कारण चालताना जमिनीच्या रेट्याने ती बाहेर फाकतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत हा फरक 3 ते 6 मिलिमीटर असतो. एवढासाच! पण तो बिघडला की टायर फरफटत जातो आणि एका कडेने झिजतो. आमच्या शेजाऱ्यांनी असे दोन टायर बदलले. नवेही आतल्या कडेला झिजू लागले, तेव्हा कुठे टायरॉडकडे लक्ष गेलं.

आम्ही मोजलं ते असं. ट्रॅक्टर सपाट जागी, चाके सरळ, हवा दोन्हींत सारखी. दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, खडूची खूण केली. दोन खुणांमधलं अंतर टेपने घेतलं. मग चाक अर्धा फेरा फिरेल इतका ट्रॅक्टर पुढे ढकलला. त्याच खुणा मागे आल्या. पुन्हा मोजलं. पुढचं माप कमी हवं. ते 15 मिलिमीटर जास्त निघालं!

टायरॉडची टोके खिळखिळी असतील तर आधी ती बदलावी. मग नट ढिले करून रॉड थोडा फिरवावा, पुन्हा मोजावं. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवावे. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. तो आता तुम्हांला वाचता येईल. माप जुळलं की नट घट्ट आवळावे.