गर्दीतला नेमका ठोका

काशीत मणिकर्णिकेकडून शिंदे घाट ओलांडून थोडं पुढे गेलं, की नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधलेला भोसले घाट लागतो. देवदिवाळीच्या संध्याकाळी तिथे गंगेकाठी पाय ठेवायला जागा नसते, आणि हवेतही तशीच दाटी असते. खिशाखिशात फोन, कित्येकांच्या कानात ब्लूटूथ इअरफोन, आणि सगळ्यांच्या ब्लूटूथच्या वाट्याला 2.4 गिगाहर्ट्झजवळचा एकच चिंचोळा पट्टा. वायफायही त्यातच नांदतं. या दाटीत आपली वारंवारता अचूक धरून ठेवायचं काम इअरफोनमधला ऑसिलेटर, म्हणजे नियमित ठोके देणारं मंडल, करतो.

त्याचं पोट उघडून पाहिलं तर चिपवर कोरलेलं धातूचं वेटोळं, म्हणजे इंडक्टर, आणि त्याला जोडलेला कपॅसिटर. इंडक्टर 2 नॅनोहेन्रीचा आणि कपॅसिटर 2.2 पिकोफॅरडचा घेतला, की दोघांमधला विद्युतप्रवाह सेकंदाला सुमारे 240 कोटी वेळा मागेपुढे झुलतो. धातूचा रोध हा झोका मंद करत राहतो. म्हणून एकमेकांना उलटसुलट जोडलेले दोन ट्रान्झिस्टर, झोपाळ्याला ऐन वेळी रेटा द्यावा तशी, ऊर्जा पुरवतात. बॅटरी खर्ची पडते ती या रेट्यापायी. सीआर2032 हा बटणसेल साधारण 225 मिलिअँपिअर-तासांचा असतो. सतत एक मिलिअँपिअर ओढला तर नऊ दिवसांत संपला!

मग रेटा कमी का करू नये? कारण रेटा कमी झाला की ठोका डळमळतो. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची जी अखंड चुळबुळ चालते, ती झोक्याची वेळ किंचित मागेपुढे करते. याला फेज नॉइज म्हणतात. शेजारच्या चॅनलवर कुणाचा जोरकस सिग्नल असेल, तर या डळमळीमुळे तो आपल्या क्षीण सिग्नलवर येऊन सांडतो. अभियंते डी. बी. लीसन यांनी 1966 साली याचा हिशेब मांडला. वीज निम्मी केली, की नॉइज दुप्पट. पण वेटोळ्याची गुणवत्ता दुप्पट केली, तर नॉइज चौथाईवर येतो. माझ्या मते कमी विजेच्या रेडिओची खरी कसोटी बॅटरीपेक्षा या वेटोळ्यात आहे. चिपवरच्या वेटोळ्याचा हा गुणवत्ता-गुणांक जेमतेम दहाच्या घरात असतो, आणि तो वाढवायचा तर जाड धातू आणि जास्त जागा लागते.

विजेची काटकसर वेगळ्या रीतीने पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अवकाशात करून दाखवली. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 मधून गेलेला त्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह जेमतेम एक किलोचा. हॅम रेडिओचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणं हे त्याचं काम. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधारे दिशा राखायची सोय त्यात केली होती, त्यासाठी वीज लागत नाही. एवढ्याशा उपग्रहात वीज वाचवण्याची याहून सुरेख युक्ती मला ठाऊक नाही.

जमिनीवरच्या छोट्या सेन्सरमध्ये काटकसर वेगळ्या वाटेने होते. रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला ठेवायचा आणि निरोपापुरता उठवायचा. इथे अडचण येते क्वार्ट्झ स्फटिकाची. चिपवरच्या ऑसिलेटरला वळण लावणारा हा स्फटिक जागा व्हायला सहसा मिलिसेकंदाच्या आसपास वेळ घेतो, आणि ब्लूटूथचा छोटा निरोप त्याहून कमी वेळात सांगून संपू शकतो. म्हणजे बोलण्याआधी घसा साफ करण्यातच बरीच वीज जाते. म्हणून स्फटिकाला सुरुवातीलाच त्याच्याच वारंवारतेचे ठोके देऊन लवकर जागं करणाऱ्या मंडलांवर आज संशोधक झटत आहेत.