प्रौढांचा व्यायाम आणि प्रेरणेचे मानसशास्त्र

प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बहुतेकांना मान्य असते. तरीही निश्चय आणि कृती यांत अंतर राहते आणि त्याचा दोष आळसावर टाकला जातो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या 'स्वयंनिर्धारण सिद्धांता'नुसार प्रेरणा टिकण्यासाठी तीन मानसिक गरजा भागाव्या लागतात: स्वायत्तता, म्हणजे निवड स्वतःची असल्याची जाणीव, क्षमता, म्हणजे आपल्याला हे जमते हा विश्वास, आणि आपलेपणा, म्हणजे सोबतच्या माणसांशी जुळलेले नाते. म्हणूनच केवळ डॉक्टरांच्या धाकाने सुरू झालेले चालणे लवकर सुटू शकते, तर आवडीचे बॅडमिंटन वर्षानुवर्षे टिकू शकते.

मात्र प्रेरणेला नियोजनाची जोडही लागते. ब्रिटनमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायाम कधी आणि कुठे करणार हे आधीच लिहून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी 91 टक्क्यांनी तो केला. फक्त प्रेरक माहिती वाचलेल्या गटात हे प्रमाण 35 टक्के होते.

पीटर गोलविट्झर यांनी अशा संकल्पाला 'अंमलबजावणीचा हेतू' म्हटले. 'रोज चालेन' असे मोघम ठरवण्याऐवजी 'सकाळचा चहा संपला, की दाराशी ठेवलेले बूट घालून मैदानाला दोन फेऱ्या मारेन' असे ठरवले, की रिकामा कपच आठवण करून देतो.