आधी आकडे, मग यंत्र

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यातून जुना सीआरओ किंवा बेंच मल्टीमीटर दुरुस्तीला येतो, तेव्हा रिटर्नेबल चलनावर बहुधा एकच ओळ असते: ‘चालू होत नाही’. कारखान्याची तक्रार तेवढीच, अपेक्षाही तेवढीच. दुरुस्ती करणाऱ्यालाही ते सोयीचं असतं, कारण पडदा उजळला की बिल लावता येतं. मला हा व्यवहार उलटा वाटतो. पंप फिरायला लागला की तो दुरुस्त झाला असं म्हणता येतं. मोजमापाचं उपकरण मात्र चालू होऊन चुकीचा आकडा दाखवू लागलं, तर ते बंद होतं तेच बरं होतं. बंद मीटरवर निदान कोणी माल पास करत नाही. म्हणून या धंद्यात यंत्राआधी आकडे वाचवावे लागतात, आणि चांगली दुरुस्ती ओळखायची असेल तर सोल्डरिंगची सफाई बघण्याआधी कोणतं काम कोणत्या क्रमाने झालं ते विचारावं.

क्रमातलं पहिलं काम म्हणजे काहीही न सुधारता रीडिंग घेणं. कॅलिब्रेशनवाले त्याला ‘अ‍ॅज फाउंड’ म्हणतात. मीटर १० व्होल्टला थोडं जास्त दाखवत असेल आणि प्रीसेट फिरवून तो जागेवर आणला, तर मीटर सुधारतो, पण तो किती चुकत होता हे कायमचं पुसलं जातं. मग मागच्या कॅलिब्रेशनपासून आजवर त्याच मीटरवर पास झालेल्या मालाचं काय करायचं? आयएसओ ९००१:२०१५ चं ७.१.५.२ हे कलम नेमका हाच प्रश्न विचारतं: उपकरण सदोष निघालं तर आधीच्या मोजमापांवर त्याचा परिणाम झाला का, हे तपासा. उत्साही कारागिराने आकडा लिहून न घेता प्रीसेटला हात लावला असेल, तर कारखान्याकडे याचं उत्तर उरत नाही. यावर कोणी म्हणेल, बंद पडलेल्या उपकरणाचं रीडिंग घेणार कसं? रास्त शंका आहे. पण जुन्या उपकरणांत बऱ्याचदा दोष पॉवर सप्लायमध्ये असतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असतात, टँटलम शॉर्ट झालेले असतात, किंवा मेन्सच्या तोंडाशी बसवलेल्या रिफा बनावटीच्या कागदी कॅपॅसिटरचं कवच तडकून आत दमट हवा शिरलेली असते आणि वीज मिळताच तो धूर सोडतो. हे सगळं मोजणाऱ्या सर्किटला धक्का न लावता बदलता येतं. सिरीज बल्ब लावून सप्लाय तपासायचा, भाग बदलायचे, उपकरण नीट तापू द्यायचं, आणि एकही प्रीसेट न हलवता रीडिंग घ्यायचं. (डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवण्याची जुनी सवय ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायला चालते, स्विचिंग सप्लायला कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढावा लागतो, तिथे ती अंगाशी येऊ शकते.) असं मिळालेलं रीडिंग शंभर टक्के ‘अ‍ॅज फाउंड’ नसलं, तरी ऑडिटला सांगता येईल इतकं प्रामाणिक असतं.

आकड्यांचा दुसरा साठा उपकरणाच्या पोटात असतो, आणि तो वाचवणं जास्त नाजूक. एचपीचा ३४५८ए हा साडेआठ अंकी मल्टीमीटर १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला. पुढे कंपनीचं नाव एजिलेंट आणि मग कीसाइट झालं, पण हा मीटर कितीतरी प्रयोगशाळांत आजही प्रमाण मानला जातो. त्याच्या कॅलिब्रेशनचे स्थिरांक डॅलस कंपनीच्या एका मेमरी आयसीत राहतात. त्या आयसीच्या आतच लिथियम बॅटरी असते. वीज नसताना किमान दहा वर्षं माहिती टिकेल, एवढीच निर्मात्याची हमी. ती मुदत केव्हाच उलटली तरी कोणाला पत्ता लागत नाही, कारण मीटर चालू असेपर्यंत मेमरीला मेन्समधूनच वीज मिळते. दिवाळीच्या शटडाउनला कोणी तरी मुख्य स्विच पाडतो, आणि सुट्टीनंतर मीटर एरर घेऊन उभा राहतो. काही बिघडलेलं नसतं. फक्त स्वतःला कसं दुरुस्त करून वाचायचं, हे तो विसरलेला असतो. म्हणून अशा मीटरचा फॅन जरी बदलायचा असला, तरी आधी जीपीआयबी या संगणकाशी जोडणाऱ्या केबलने सगळे स्थिरांक वाचून फाइलमध्ये ठेवायचे, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलायचा. टेक्ट्रॉनिक्सच्या २४६५बी या सीआरओच्या नंतरच्या नगांमध्ये तर दुहेरी संकट असतं: ज्या कंट्रोल बोर्डावर अशीच मेमरी आहे, त्याच बोर्डावरचे छोटे कॅपॅसिटर गळतात आणि त्यांचं द्रव तांब्याच्या रेषा खातं. आकडे काढून घेतल्यावर बॅटरीची गरजच नसलेली फेरोइलेक्ट्रिक मेमरी बसवता येते.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप असा, की दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन करायचंच आहे, नवे स्थिरांक तयार होणारच आहेत, तर जुन्यांची एवढी माया कशाला? ३४५८ए पुरतं बोलायचं तर डीसी आणि ओह्मचं काम १० व्होल्ट, १० किलोओह्म आणि एक शॉर्ट एवढ्यावर भागतं, त्यामुळे आक्षेपाला आणखी धार येते. पण अशा मीटरची खरी किंमत त्याच्या सवयीच्या नोंदीत असते. आतला व्होल्टेज रेफरन्स वयानुसार हळूहळू सरकतो आणि सहसा जितका जुना तितका स्थिर होत जातो. मागची काही वर्षं तो किती सरकला हे हातात असेल, तरच दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या एखाद्या मंगळवारी त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येतं. स्थिरांक गेले की ही साखळी तुटते. मीटर अचूक होतो, पण अनोळखी. ती ओळख पुन्हा पटते, पण त्याला काही वर्षं लागतात.

‘नवीनच घ्या ना’ हा सल्ला मला सरसकट चुकीचा वाटत नाही. साधा हँडहेल्ड मीटर किंवा स्वस्त डिजिटल सीआरओ दुरुस्त करत बसणं हा हट्ट आहे. पण टेस्ट बेंचवर बसवलेल्या उपकरणाची गोष्ट वेगळी. तिथे जीपीआयबीवर, म्हणजे १९७५ साली आयईईई-४८८ या नावाने प्रमाणित झालेल्या जोडणीवर, एक प्रोग्राम त्या विशिष्ट मॉडेलच्या कमांड ओळखून चालतो. रीडिंग स्थिर व्हायला लागणारा वेळसुद्धा त्यात गृहीत धरलेला असतो, आणि प्रोग्राम लिहिणारा इंजिनीअर बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. वाहन उद्योगात तपासणीची पद्धत बदलली तर ग्राहक कंपनीला कळवावं लागतं, कधी पीपीएपीची, म्हणजे भाग पुरवण्याची, मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. मीटरची किंमत कोटेशनमध्ये दिसते. हा खर्च त्यात नसतो.

अडचण असते ती घाईची. लाइन थांबलेली, प्रॉडक्शनवाल्यांचे फोन, आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर अशा दोन वेळच्या रीडिंगचे पैसे कोणाला द्यावेसे वाटत नाहीत. माझ्या मते ते वेगळे मागूच नयेत, कोटेशनमध्ये धरूनच टाकावेत, आणि उपकरणासोबत बदललेल्या भागांची यादी व स्थिरांकांची फाइल ग्राहकाला द्यावी. एवढं करूनही काही नग सुटत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या एचपी-टेक्ट्रॉनिक्सच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्किट, प्रत्येक बिंदूवरचं व्होल्टेज, लहरींचे आकार, सगळं छापलेलं असे. नंतरच्या अनेक उपकरणांची मॅन्युअलं बोर्ड बदला म्हणून मोकळी होतात, आणि तो बोर्ड आता मिळत नाही. मॅन्युअल असूनही २४६५ मालिकेतला यू८०० हा आयसी गेला, तर टेक्ट्रॉनिक्सने तो स्वतःसाठीच बनवला होता, त्यामुळे दुसऱ्या मृत सीआरओतून काढण्यावाचून बहुधा मार्ग नसतो. अशा वेळी उपकरण तसंच परत पाठवावं, पण त्यातून वाचता आलेले आकडे कागदावर उतरवून सोबत द्यावेत. मागच्या मालाबद्दल ग्राहकाला उत्तर द्यायचं असेल, तर तो कागद त्या बंद सीआरओपेक्षा जास्त उपयोगी पडतो.