सायकलफेरीचे शुल्क कोणाच्या कामी येते?

शहरांतून हल्ली सेवाकार्याच्या मदतीसाठी सायकलफेऱ्या निघतात. भाग घेणाऱ्याला प्रवेशशुल्क भरावे लागते. ते योग्य आहे काय?

आधी फेरीचा हेतू पाहावा. १९८५ साली आपल्याच जिल्ह्यातील आनंदवनाचे बाबा आमटे सत्तरी ओलांडल्यावर तरुणांसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर होते. तेथे एकात्मतेचा संदेश गावोगाव नेणे हेच कार्य होते. निधीसाठी निघालेल्या फेरीत मात्र हिशेबच महत्त्वाचा.

समजा, शुल्क ५०० रुपये आहे. बनियन, पदक, पाणी, प्रथमोपचार यांवर ४०० गेले, तर सेवाकार्याला १०० च उरतात. तेवढे तर घरबसल्याही देता येतात! उलट, खर्च देणगीदारांनी उचलला, किंवा प्रत्येक स्वाराने ओळखीच्यांकडून आणखी निधी जमवला, तर शुल्क सार्थकी लागते.

म्हणून आयोजकांना जमाखर्च विचारावा. त्यात संकोच कसला? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदणीकृत न्यासांना हिशेब तपासून घ्यावेच लागतात.

माझ्या आईला ५०० रुपयांसाठी दोन दिवस चिखलात वाकून धानाची रोवणी करावी लागते. एवढ्या घामाचा पैसा पदकात जिरतो की गरजूपर्यंत पोहोचतो, हे विचारल्याशिवाय तो देऊ नये.

— द्वितीय वर्ष, कला