मांजर जेवल्यावर ओकते तेव्हा

मी गुरांचा डॉक्टर. सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर जमणारी मंडळी बहुधा गाभण गाई, पोट फुगलेल्या शेळ्या नाही तर कास सुजलेल्या म्हशी यांच्या काळजीने आलेली असतात. पण अलीकडे त्यांच्यात पिशवीत, खोक्यात, किंवा एका टोपलीवर दुसरी टोपली उपडी घालून मांजर आणणारेही बरेच दिसू लागले आहेत. आणि त्यांतल्या अनेकांचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, आमचं मांजर खाल्लं की ओकतं. पोटात काही भयंकर तर नाही ना?"

मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. मांजरीचे नाव मनी, वय चार वर्षे. दहा-पंधरा दिवसांतून एकदा मनी खाल्ल्याखाल्ल्या सगळे बाहेर टाकते, अशी तक्रार. बाईंनी ओकारीच्या तारखा वहीत लिहून आणल्या होत्या, त्याही लाल शाईने. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या पाल खाल्ली असेल, आणि बाईंच्या जाऊबाईंना दृष्ट लागल्याची खात्री होती. मनी स्वतः टेबलावर बसून माझ्या स्टेथोस्कोपच्या नळीशी खेळत होती. मी तिचे वजन केले, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपले आणि विचारले, "ओकून झाल्यावर ती काय करते, बाई?" बाई जरा संकोचल्या. "पुन्हा जेवायला मागते. कधी कधी तर तेच खायला जाते."

निम्मे निदान इथेच झाले.

जे बाहेर पडते त्याचे दोन प्रकार असतात. एकात मांजर मान खाली घालते आणि खाल्लेले जसेच्या तसे, न पचता, पुष्कळदा लांबट वळीसारखे बाहेर येते. पोटाला हिसके बसत नाहीत. हे अन्न जठरापर्यंत नीट पोचलेलेच नसते, अन्ननलिकेतूनच परत फिरते. दुसऱ्यात मांजर आधी अस्वस्थ होते, लाळ गाळते, ओठ चाटते, मग पोट आत-बाहेर होऊन उमाळे येतात आणि अर्धवट पचलेले अन्न, फेस किंवा पिवळे पित्त पडते. ही खरी ओकारी. डॉक्टरकडे जाताना यांतले नक्की काय घडले ते सांगता आले, तर तपासाचा निम्मा वेळ वाचतो. हल्ली घरोघरी मोबाईल आहेत, तेव्हा सरळ चित्रण करून आणावे. मला किळस येत नाही.

मनीचा प्रकार पहिला, आणि कारण साधे होते. घरात दुसरा एक बोका आहे आणि दोघांना एकाच ताटलीत वाढले जाते. बोका आपल्या वाट्याचे खाईल या धास्तीने मनी न चावता गिळते. मी औषध दिले नाही. दोघांना वेगवेगळ्या खोलीत वाढा, दोन वेळचे चार-पाच वेळा थोडेथोडे द्या, वाटीऐवजी पसरट ताटली घ्या आणि पाकिटातले कोरडे खाद्य असेल तर कोमट पाण्यात भिजवा, एवढेच सांगितले. ताटलीत गिळता येणार नाही एवढा मोठा, स्वच्छ धुतलेला गोटा ठेवला तरी मांजराला त्याच्या भोवतीने सावकाश खावे लागते. मात्र असे जवळजवळ प्रत्येक जेवणानंतर होत असेल, तर अन्ननलिकेतच दोष असू शकतो. मग गोट्यावर विसंबू नये.

ओकारीचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे केस. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना गळके केस त्यांत अडकतात आणि थुंकता येत नसल्याने पोटात जातात. बहुतेक विष्ठेवाटे पडतात, काहींची गुंडाळी होऊन तोंडावाटे येते. रोज दोन मिनिटे कंगवा फिरवला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. काही घरांत यावर गोडेतेल पाजतात. कृपया पाजू नका. जबरदस्तीने ओतलेले तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

आणि दूध! मांजराला दूध हवेच, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पण अंगावरचे पिणे सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवण्याची शक्ती कमी होत जाते. त्यातून जुलाब, गॅस, क्वचित ओकारी. मांजर आवडीने पिते म्हणजे त्याला ते मानवते असे नव्हे. पिण्यासाठी पाणी पुरे.

पण हा लेख लिहायला बसलो तो दुसऱ्याच एका मांजरासाठी. दोन वर्षांपूर्वी एका घरातून बोका आणला गेला. आदल्या दिवशी तो दोनदा ओकला, अंग गरम लागले, म्हणून घरच्यांनी मायेने तापाची अर्धी गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, दुधातून दिली. माझ्यापुढे आला तेव्हा त्याचा चेहरा सुजला होता, हिरड्या मातकट झाल्या होत्या आणि श्वास लागला होता. माणसाचे यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करते, तो मार्ग मांजरात फार अपुरा असतो. त्यामुळे त्याचे विष बनते आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही. पहिल्या काही तासांत आणले तर उपाय करता येतात. हा बोका रात्रभर घरीच होता. तो वाचला नाही. मुळातली ओकारी कदाचित एका दिवसात आपोआप थांबली असती. माणसाची कोणतीही गोळी मांजराला आपल्या मनाने देऊ नये, अर्धीही नाही आणि पावही नाही.

"पोटाला विश्रांती" म्हणून मांजराला उपाशी ठेवणेही तितकेच वाईट. काही तास ठीक. दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो. लहान पिल्लांना तर उपास नकोच.

मग डॉक्टरकडे केव्हा धावायचे? एका दिवसात वारंवार ओकारी, पाणीही न टिकणे, रक्त दिसणे, मांजर कोपऱ्यात दडून बसणे, यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी. घरात उंदराचे औषध ठेवले असेल तर तेही सांगावे. लस न दिलेले पिल्लू ओकत आणि मलूल होत असेल तर तो पॅनल्यूकोपेनिया असू शकतो. तो एक-दोन दिवसांत जीव घेतो, आणि त्यावर लस आहे. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतो, होत नाही आणि ओकतो, तर मूत्रमार्ग तुंबलेला समजा आणि सकाळची वाट पाहू नका.

सुईदोरा, हाराचा दोरा, पतंगाचा मांजा यांची भीती मला सर्वांत जास्त वाटते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकते, उरलेला आतड्यात उतरतो आणि नेफ्यात नाडी ओढावी तसे आतडे चुणत जाते, कधी कापलेही जाते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये. मांजर तसेच घेऊन यावे.

ओकारी क्वचित असली तरी मांजर वाळत असेल तर ते दुखणेच समजावे. दहा वर्षांपुढच्या मांजरात पाणी जास्त पिणे आणि वजन घटणे ही मूत्रपिंडाच्या विकाराची, मधुमेहाची किंवा वाढलेल्या थायरॉईडची खूण असू शकते. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम गेले तर नजरेला कळत नाही, पण ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेल्यासारखे आहे. म्हणून महिन्यातून एकदा मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी.

बाई गेल्या आठवड्यात वही घेऊन आल्या होत्या. महिन्यात एकच लाल तारीख होती. त्या दिवशी बाई बाहेरगावी होत्या आणि जाऊबाईंनी दोघांना एकाच ताटलीत वाढले होते. शेजारी निळ्या शाईने मनीचे वजन लिहिले होते, तीन किलो सातशे ग्रॅम. पहिल्या दिवशी माझ्या काट्यावर भरले होते तेवढेच.