आराखडा एक, पण खुणा प्रत्येकाच्या निराळ्या

शहापूर / प्रतिनिधी

शहापूरहून मुरबाडकडे निघाले की सापगावजवळ भातसा नदीवरील पूल लागतो. अशा ठिकाणी एखादे नवे काम काढायचे झाल्यास किती खात्यांचे नकाशे लागतात, याची कल्पना प्रवाशांना नसते. रस्ता व पुलाची मापे रस्तेबांधणी यंत्रणेकडे, पूररेषा व धरणाच्या विसर्गाचे आकडे जलसंपदा विभागाकडे, विजेचे खांब महावितरणचे आणि जमिनीच्या हद्दी भूमी अभिलेख खात्याकडे. हे सारे नकाशे संगणकावर एकमेकांवर ठेवावे लागतात आणि अडचण तेथेच सुरू होते.

'कॅड' पद्धतीचा आराखडा म्हणजे जणू पारदर्शक कागदांची चळत. त्यातील प्रत्येक कागदाला 'लेअर' म्हणतात. एकावर रस्त्याची मध्यरेषा, दुसऱ्यावर जलवाहिनी, तिसऱ्यावर हद्द. एका खात्याने लेअरला नाव दिले आणि दुसऱ्याने नुसता क्रमांक, तर कोणती रेघ कशाची हे कळत नाही. एकाने मीटरमध्ये काढलेला आराखडा दुसऱ्याने मिलिमीटरचा समजून उघडला, तर शंभर मीटरचा पूल दहा सेंटिमीटरचा होतो.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. उंचीची चूक दिसत नाही. भातसेचे पाणी पिसे येथून मुंबईला जाते. मुंबई महापालिका पातळ्या 'टाऊन हॉल डेटम'वरून मोजते, तर भारतीय सर्वेक्षण विभाग सरासरी समुद्रसपाटीवरून. मूळ पातळी न लिहिता नुसता आकडा पुढे गेला, तर तो फसवा ठरतो.

जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील लाउफेनबुर्ग येथे असेच घडले. दोन्ही देशांच्या समुद्रसपाटीत २७ सेंटिमीटरचा फरक असल्याचे अभियंत्यांना ठाऊक होते. मात्र दुरुस्ती उलट दिशेने झाली आणि २००३ मध्ये पुलाच्या दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरचा फरक उघड झाला. एअरबसच्या 'ए ३८०' विमानाचे काम २००६ मध्ये रखडले, तेव्हा हॅम्बुर्ग व तुलूझ येथील कार्यालयांत एकाच कॅड प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. परिणामी तारांची मापे जुळली नाहीत.

यावर उपाय नाही असे नाही. भारतीय मानक ब्युरोने इमारतींच्या आराखड्यांसाठी 'आयएस ९६२' हे मानक दिले आहे. लेअरच्या नावांसाठी 'आयएसओ १३५६७' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पुण्यातील सॉफ्टटेक कंपनीच्या 'ऑटोडीसीआर' प्रणालीत तर ठरवून दिलेल्या लेअरमध्ये काढलेला नकाशाच संगणकाला तपासता येतो. तपासणीची सक्ती असली की शिस्त आपोआप येते, हा त्याचा धडा.

खात्याखात्यांत नेमके तेच राहून जाते. नियमावली एकदा तयार होते. पुढे आरेखक बदलतो, सल्लागार बदलतो आणि जो तो आपल्या सवयीने रेघा ओढू लागतो. म्हणूनच कोरा नमुना आराखडा सर्वांना एकच हवा. त्यात बदल करण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे हवा, प्रत्येक सुधारणेवर क्रमांक व तारीख हवी आणि नमुन्यात न बसणारा आराखडा स्वीकारला जाणार नाही, अशी अट सल्लागाराच्या करारातच हवी.

सापगावच्या पुलावरून जाणाऱ्याला लेअरचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र पूल पुराच्या पाण्यापासून किती उंच आहे, याचे उत्तर सर्व खात्यांच्या कागदांवर एकच असावे, ही त्याची अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.