अजिंक्यताऱ्याचे दहा हजार ठोकळे

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना संगणकावर किल्ला बांधायला दिला, तर ती लहान काही बांधणार नाहीत. साताऱ्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर तर कायम अजिंक्यताराच असतो. तो लुआंटीच्या जगात एकास एक मापानं उभारायचा, तर सर्व्हरवर केवढा भार पडेल? लुआंटी हे मोफत, खुलं खेळ-इंजिन. फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये ते सुरू केलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ते माइनटेस्ट या नावानं ओळखलं जायचं. त्यातला एक घन साधारणपणे एक मीटरचा धरतात आणि १६ × १६ × १६ घनांचा, म्हणजे ४०९६ घनांचा एक ठोकळा एकत्र साठवला जातो. किल्ल्यासाठी सहाशे मीटर लांब-रुंद आणि शंभर मीटर उंच तुकडा घेतला, तर ठोकळे होतात १०,१०८. मेमरीत प्रत्येक घनाला चार बाइट लागतात, म्हणजे सगळा हिशेब १६५ एमबीच्या आसपास जातो. डिस्कवर लिहिताना ठोकळे दाबून लिहिले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात जागा त्याहून बरीच कमी लागते. इतका ऐवज आजचा साधा मोबाइलही सहज पेलतो. तरीही सर्व्हर उभारताना पहिली चर्चा हटकून वेगाची आणि आकाराचीच होते. माझ्या मते सातारा-सांगलीसारख्या ठिकाणी डेटाबेस निवडताना आधी विचारायला हवं ते वेगळंच: वीज गेली, पाणी आलं किंवा कोणी मुद्दाम तोडफोड केली, तर काय परत मिळेल आणि किती वेळात?

सर्व्हर नेमकं काय आणि कधी लिहितो, हे पाहिलं की या प्रश्नाचं वजन कळतं. मुलगा बुरुजावर दगड ठेवतो, तेव्हा तो दगड आधी फक्त मेमरीत असतो. मूळ मांडणीत दर ५.३ सेकंदांनी बदललेले ठोकळे डेटाबेसकडे जातात. म्हणजे वीज अचानक गेली तर शेवटच्या काही सेकंदांची मेहनत जाते, हे परवडतं. पण जगाचा नकाशा एकीकडे आणि खेळाडू दुसरीकडे लिहिले जातात. पेटीतलं सामान नकाशाच्या ठोकळ्यात असतं, खिशातलं सामान खेळाडूच्या नोंदीत. कोणी पेटीतून सोनं काढून खिशात टाकलं आणि या दोन नोंदींच्या मधोमध वीज गेली, तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ते सोनं दोन्हीकडे सापडेल, नाहीतर कुठेच नाही. पोस्टग्रेस हा स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणारा डेटाबेस घेतला की हा घोळ मिटतो, असं समजायचं कारण नाही. नकाशा आणि खेळाडू एकाच पोस्टग्रेसमध्ये ठेवले तरी इंजिन त्यांच्यासाठी वेगवेगळी जोडणी वापरतं, म्हणजे व्यवहारही वेगळेच. यावरचा खरा उपाय म्हणजे बॅटरी संपत आल्याचं संगणकाला कळवणारा यूपीएस आणि ते कळताच खेळ रीतसर बंद करणारी एक छोटी स्क्रिप्ट. नुसत्या इन्व्हर्टरनं संगणक तासभर चालेल, पण तासानंतर बंद पडायचा तो तसाच धाडकन.

मग पोस्टग्रेसचा आग्रह कशासाठी? लुआंटीत सुरुवातीला एसक्यूलाइट असतं: सगळा नकाशा एका फाइलमध्ये, वेगळा सर्व्हर नको, पासवर्ड नको. एका संगणकावरच्या लहान जगाला ते पुरतं, आणि वीज गेल्यावर स्वतःची फाइल सांभाळण्यातही ते कच्चं नाही. वेगासाठी पोस्टग्रेस घ्या असं कोणी सांगितलं, तर त्याला आधी मोजून दाखवायला सांगावं. फरक आहे तो नोंदीच्या पद्धतीत. सांगलीच्या हळद पेठेतला जुना दिवाणजी व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवायचा आणि मग खतावणीत खात्यावर चढवायचा. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी एका सलग नोंदवहीत लिहितं आणि सावकाश मूळ तक्त्यांत उतरवतं. एका दिवसाची पूर्ण प्रत आणि त्यानंतरच्या या नोंदी जपून ठेवल्या, तर जग हव्या त्या क्षणाला नेऊन उभं करता येतं. दुपारी तीन चाळीसला कोणी महादरवाजा सुरुंगानं उडवला असेल, तर तीन एकोणचाळीसचा किल्ला परत आणता येतो. अर्थात त्या मिनिटानंतर इतरांनी केलेलं कामही पुसलं जातं. म्हणून लहानसहान खोडीसाठी इंजिनाची स्वतःची सोय आधी वापरावी. कोणत्या खेळाडूनं काय बदललं याची ती नोंद ठेवते आणि तेवढंच मागे घेते. पण ती सोय मूळ मांडणीत बंद असते. उपद्रव झाल्यावर चालू करून उपयोग नाही.

प्रत्यक्ष बदल करणं फार अवघड नाही. पोस्टग्रेसचा आधार जोडून बांधलेलं इंजिन घ्यायचं, रिकामा डेटाबेस आणि त्याचा स्वतंत्र वापरकर्ता तयार करायचा, जगाच्या फोल्डरमधल्या वर्ल्ड.एमटी या फाइलमध्ये जोडणीची ओळ लिहायची, खेळ थांबवायचा आणि स्थलांतराचा आदेश द्यायचा. नकाशासाठी एकदा, खेळाडूंसाठी एकदा, पासवर्डांसाठी एकदा. इथे एक खाच आहे. जोडणीच्या ओळीत डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, आणि मुलं जगाचा फोल्डर झिप करून मित्रांना हौसेनं पाठवतात. डेटाबेसचं ५४३२ हे पोर्ट बाहेरच्या जगाला बंदच ठेवावं. बाहेर उघडायचं ते फक्त खेळाचं, यूडीपीवरचं ३००००. स्थलांतरानंतर आत डोकावलं की दोन अगदी वेगळी दृश्यं दिसतात. खेळाडूंचे तक्ते वाचता येतात: कोण कुठे उभा आहे, कोणाच्या खिशात काय आहे, हे साध्या क्वेरीनं कळतं. नकाशाच्या तक्त्यात मात्र तीन आकडे आणि दाबलेल्या बाइटांचा गठ्ठा एवढंच असतं. किल्ल्याला एकूण किती दगड लागले, हे डेटाबेसला विचारून कळणार नाही. सगळं एसक्यूएलमध्ये आलं म्हणून हरखून जाणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

आता पाण्याचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४५ फुटांची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी संगणक वरच्या मजल्यावर असून भागत नाही, कारण पाणी शिरलं की सुरक्षिततेसाठी वीजही बंद केली जाते. सांगलीतल्या सर्व्हरची दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवणं म्हणूनच अर्धवट शहाणपण. डोंगराच्या कुशीत उंचावर वसलेलं सातारा शहर प्रत ठेवायला सोयीचं आहे. कृष्णा दोन्ही जिल्ह्यांतून वाहते खरी, पण सांगलीच्या पेठा बुडतात तेव्हा सातारा शहर बुडत नाही. पोस्टग्रेस आपली नोंदवही इंटरनेटवरून साताऱ्याला सतत पाठवत राहू शकतं. मात्र खेळ सांगलीत आणि मूळ डेटाबेस साताऱ्यात, अशी विभागणी चुकूनही करू नये. नकाशातला प्रत्येक ठोकळा वेगळा मागवला जातो. एका फेरीला पंधरा मिलिसेकंद लागले असं धरलं, तर हजार ठोकळ्यांना पंधरा सेकंद होतात आणि मुलगा तेवढा वेळ अधांतरी लटकतो. खेळ आणि डेटाबेस एकाच यंत्रावर, आणि लांबची प्रत मागून, सवडीनं. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली तर प्रत मागे पडेल, खेळ थांबणार नाही. पण सतत चालणारी अशी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. उडवलेला दरवाजा साताऱ्यातही क्षणात उडतो. म्हणून नोंदींचा साठा वेगळा ठेवावाच लागतो.

एवढं करण्यापेक्षा मुंबईतला सर्व्हर भाड्यानं का घेऊ नये? घ्यावा की. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा केंद्रं २०१६ पासून चालू आहेत, आणि अंतराची भीती फोल आहे, कारण लुआंटीचा सर्व्हर मूळ मांडणीत ०.०९ सेकंदाच्या पावलांनी चालतो. सांगली-मुंबई फेरी त्यात लपून जाते. शिवाय घरगुती जोडण्यांवर बरेचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. ती अडचणही सुटते. फक्त भाड्याच्या सर्व्हरमुळे वीज आणि पूर हे दोनच धोके टळतात. तोडफोड, चुकून दिलेला आदेश, थकलेलं भाडं हे सगळं शिल्लक राहतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच ठेवलेल्या यंत्राचीही एक बाजू आहे: इंटरनेट गेलं तरी आतल्या जाळ्यावर मुलं खेळत राहतात, आणि डेटाबेस सांभाळायला शिकायचं तर मोडण्याची मुभा असलेलं यंत्र लागतं.

मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप माणसांचा आहे. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं सुधारणा मिळतात, मग पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. महाविद्यालयात सर्व्हर मांडणारी मुलं त्याआधीच पदवी घेऊन पुण्याला गेलेली असतात. मागे राहतो तो कोणालाच पासवर्ड माहीत नसलेला, चालू आहे म्हणून न शिवलेला संगणक. म्हणून निकष साधा ठेवावा. साठवलेल्या प्रतीवरून दर महिन्याला दुसऱ्या यंत्रावर, ३०००१ या पोर्टवर जग उभं करून ठरलेली पेटी उघडून पाहणारं कोणी असेल, तरच पोस्टग्रेस घ्यावं. तसं कोणी नसेल तर एसक्यूलाइटवर राहावं, रात्री खेळ दोन मिनिटं थांबवून अख्खा फोल्डर उचलावा आणि साताऱ्याला पाठवून द्यावा. चालू खेळात ती फाइल कॉपी करू नये, प्रत अर्धवट निघू शकते. दिवसभराचं काम जाण्याचा धोका या मार्गात आहे, पण ते काम गेलं आहे हे निदान दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतं.